हॅरी डीन स्टँटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलिवूडचे चित्रपट पाहणाऱ्यांच्या गप्पांत हा माणूस हमखास निघतो, पण नावानं क्वचितच. ‘तो रे, हडकुळा, गालफडं बसलेला, डोळे खोल गेलेला’ असं वर्णन करून समोरच्याला ओळखायला लावलं जातं. त्याच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं एकत्र केले आहेत. खाली ‘एलियन’, ‘पॅरिस, टेक्सस’ आणि ‘द स्ट्रेट स्टोरी’ यांतले महत्त्वाचे प्रसंग उघड केले आहेत. आधी कळलं की मजा जाते असं वाटणाऱ्यांनी ते परिच्छेद ओलांडून पुढे जावं.

कोण हा? दोन ओळींत सांगा.

अमेरिकी चरित्र अभिनेता. जन्म १४ जुलै १९२६, केंटकी राज्यातलं वेस्ट अर्विन. मृत्यू १५ सप्टेंबर २०१७, लॉस एंजेलिस. ९१ वर्षांचं आयुष्य, त्यातली साठेक वर्षं कॅमेऱ्यासमोर. चित्रपट शंभराहून अधिक, मालिकांमधली कामं वेगळी. नायक म्हणून लक्षात राहिलेले चित्रपट मात्र दोनच: एक वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी केलेला, दुसरा नव्वदीच्या उंबरठ्यावर.

चेहरा पाहिल्यासारखा वाटतो. कशात पाहिला असेल?

तुम्ही काय पाहता त्यावर आहे. भयपटवाले त्याला ‘एलियन’मधला (१९७९) टोपीवाला तंत्रज्ञ ब्रेट म्हणून ओळखतात. ‘द ग्रीन माइल’मध्ये (१९९९) तो टूट-टूट आहे: विजेच्या खुर्चीची रंगीत तालीम चालते तेव्हा मरणाऱ्या कैद्याच्या जागी बसून थट्टा करणारा म्हातारा. ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात (१९७४) साक्षीदारावर पहारा ठेवणारा एफबीआयचा माणूस. ‘प्रिटी इन पिंक’मध्ये (१९८६) बायको सोडून गेल्यापासून खचलेला बाप. ‘रेड डॉन’मध्ये (१९८४) कुंपणापलीकडून आपल्या पोरांना ‘सूड घ्या’ म्हणून ओरडणारा बाप.

आणि ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, त्यांनी ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ (२०१२) नक्की पाहिला असणार. हल्क आकाशातून एका ओसाड गोदामात कोसळतो, पुन्हा माणूस होतो, आणि एक म्हातारा वॉचमन त्याला अगदी शांतपणे विचारतो, तू परग्रहावरचा का? नाही म्हटल्यावर, मग बाळा, तुला काहीतरी आजार आहे, असं सांगून मोकळा होतो. हा वॉचमन म्हणजे स्टँटन. ‘एलियन’ आठवणाऱ्यांना त्या प्रश्नातली गंमत वेगळी कळते.

तो अभिनयाकडे वळला कसा?

वडील तंबाखूची शेती करायचे आणि केस कापायचे. तीन भावांत हा थोरला. दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेला आणि रणगाडे वाहून नेणाऱ्या एका जहाजावर आचारी म्हणून लागला. १९४५ मध्ये ओकिनावाची लढाई झाली तेव्हा ते जहाज तिथं होतं. असल्या अवजड, मंद जहाजांना खलाशीच ‘मोठं, संथ लक्ष्य’ म्हणायचे. ही आठवण त्यानं पुढे फारशी मिरवली नाही, पण ‘लकी’ या नायक म्हणून केलेल्या शेवटच्या चित्रपटात ती नेमकी येते. त्याबद्दल खाली.

युद्धावरून परतल्यावर लेक्सिंग्टनच्या केंटकी विद्यापीठात पत्रकारिता आणि रेडिओ शिकायला गेला. तिथल्या नाट्यगृहात बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये काम केलं आणि पत्रकारिता मागे पडली. पदवी अर्धवट सोडून कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना प्लेहाउस गाठलं. अमेरिकेतल्या अनेक नटांची ती तालीमशाळा होती. मधल्या काळात एका पुरुष गायकवृंदाबरोबर गावोगावचे दौरेही केले. गाणं अभिनयाच्या आधीपासून होतं, आणि शेवटपर्यंत राहिलं.

जुन्या चित्रपटांच्या नामावलीत ‘डीन स्टँटन’ असं का येतं?

हॅरी स्टँटन नावाचा आणखी एक नट त्याच वेळी काम करत होता. गोंधळ नको म्हणून यानं ‘हॅरी’ गाळलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण नाव परत आलं.

प्रसिद्ध होण्याआधीची वर्षं कशी गेली?

घोड्यावर, आणि बहुतेक वेळा गोळी खाऊन. पन्नाशी-साठीच्या दशकांत अमेरिकी टीव्हीवर वेस्टर्न मालिकांचा सुकाळ होता: ‘गनस्मोक’, ‘रॉहाइड’, ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’. प्रत्येक भागाला नवा दरोडेखोर लागायचा आणि स्टँटनचा चेहरा त्यासाठी तयारच होता. या कामांत अभिनय करायला वाव थोडा आणि ‘अभिनय’ दाखवायला वाव भरपूर. डोळे वटारा, ओठ मुरडा, मरताना नीट मरा. या काळातलं त्याचं काम आज पाहिलं तर तो वाईट नाही, पण इतरांपेक्षा वेगळाही नाही. त्याची सहजता जन्मजात होती असं सर्रास लिहिलं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही. ती उशिरा आली, आणि कशी आली हे त्यानं स्वतःच सांगितलेलं आहे.

जॅक निकल्सन तेव्हा त्याच्यासारखाच धडपडणारा नट होता. दोघं काही काळ एकाच घरात राहत होते. १९६२ मध्ये निकल्सनच्या लग्नात वरासोबत उभा राहणारा साक्षीदारही हाच. निकल्सननं मॉन्टी हेलमन या दिग्दर्शकासाठी ‘राइड इन द व्हर्लविंड’ (१९६६) नावाचा वेस्टर्न लिहिला आणि त्यात स्टँटनला दरोडेखोरांच्या म्होरक्याची भूमिका दिली. एका डोळ्यावर पट्टी, डोक्यावर हॅट. सोबत सल्ला असा दिला की तू काहीही करू नकोस. अभिनय कपड्यांना करू दे, तू फक्त तू राहा. अभिनयाकडे बघण्याची आपली नजर या एका वाक्यानं बदलली, असं स्टँटन पुढे अनेकदा सांगायचा. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता.

पुढच्याच वर्षी ‘कूल हँड ल्यूक’ आला. पॉल न्यूमनचा चित्रपट, पार्श्वभूमी दक्षिणेतल्या सक्तमजुरीच्या तुरुंगाची. कैद्यांच्या गर्दीत स्टँटन ट्रँप नावाचा कैदी. ल्यूकची आजारी आई भेटायला येते त्या प्रसंगात तो गिटारवर एक जुनं भक्तिगीत म्हणतो. कॅमेऱ्याचं लक्ष आई-मुलाकडे आहे. गाणारा स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही, पण त्या आवाजामुळे प्रसंगाचा सूर लागतो.

‘काहीच न करणं’ म्हणजे अभिनय कसा? नुसतं उभं राहणं कुणालाही जमेल की!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. प्रयत्न करून बघा. कॅमेरा चेहऱ्यावर आला की माणूस आपोआप काहीतरी करू लागतो: भुवया हलतात, गिळलं जातं, विचार करतोय हे दाखवायचा मोह होतो. स्टँटननं तो मोह सोडला होता. पण सोडल्यावर उरतं काय, हे दोन प्रसंगांत दिसतं.

पहिला ‘स्ट्रेट टाइम’मधला (१९७८). डस्टिन हॉफमन तुरुंगातून सुटलेला चोर, स्टँटन त्याचा जुना साथीदार जेरी. जेरीनं धंदा सोडलाय. उपनगरात घर घेतलंय, मागे पोहण्याचा तलाव, लाडकी बायको. मित्र भेटायला आलाय, सगळं कसं छान चाललंय याच्या गप्पा होतात. बायको काहीतरी आणायला घरात जाते. जेरी तितक्याच आवाजात, चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणतो, मला इथून बाहेर काढ. बस. दुसऱ्या नटानं इथं हात धरला असता, घाम पुसला असता. स्टँटनचं वाक्य तलाव आणि खुर्च्यांच्या कौतुकाच्याच चालीत येतं, त्यामुळे आधीचं सगळं कौतुक खोटं होतं हे एका क्षणात कळतं. हसू येतं आणि लगेच भीती वाटते.

दुसरा ‘एलियन’मधला. पहिल्या भेटीतच त्यानं दिग्दर्शक रिडली स्कॉटला सांगून टाकलं होतं की मला विज्ञानकथा आणि राक्षसांचे चित्रपट आवडत नाहीत. तरी केला, हे बरं झालं. यानावर तो आणि याफेट कोटोचा पार्कर हे दोघं खालच्या मजल्यावरचे कामगार. वरच्यांना जास्त वाटा का, ही त्यांची कायमची कटकट. पार्कर बोलतो, ब्रेट ‘राइट’ म्हणतो. दर वाक्याला ‘राइट’ म्हणतोस हे नायिका रिप्ली तोंडावर सांगते, त्यावरही ‘राइट’. अंतराळातल्या चित्रपटात कुठल्याही कारखान्याच्या पाळीवरची दोन माणसं आल्यासारखी वाटतात, आणि निम्मी भीती याच ओळखीच्या वाटण्यातून येते.

मग तो मांजर शोधायला एकटा जातो. वरून साखळ्या लोंबतायत, पाणी ठिबकतंय. ब्रेट थांबतो, मान वर करतो आणि ते पाणी तोंडावर घेतो. काही सेकंद नुसता उभा. उकाड्यात राबलेल्या माणसाला गार पाणी लागल्यावर जेवढं बरं वाटेल तेवढंच त्याच्या चेहऱ्यावर आहे, त्यापेक्षा जास्त काही नाही. कथेला त्या पाण्याची गरज नव्हती. पण त्या सेकंदांत ब्रेट हा ‘आता मरणार’ असं पात्र न राहता माणूस होतो, आणि मागे काय आहे हे आपल्याला माहीत असल्यानं जीव गोळा होतो.

समीक्षक रॉजर ईबर्टचा त्याच्यावर एक नियम आहे म्हणे. तो काय?

‘स्टँटन-वॉल्श नियम’. ज्या चित्रपटात हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत आहे तो चित्रपट पूर्णपणे वाईट असूच शकत नाही, असं ईबर्ट म्हणायचा. पुढे त्यानं अपवादही मान्य केले. स्टँटनच्या बाबतीत ‘ड्रीम अ लिटल ड्रीम’ (१९८९), वॉल्शच्या बाबतीत ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ (१९९९). दोघं एकाच चित्रपटात हवे असतील तर वरचा ‘स्ट्रेट टाइम’ बघा. त्यात वॉल्श हा हॉफमनच्या मानगुटीवर बसलेला पॅरोल अधिकारी आहे. वॉल्श २०२४ मध्ये गेला.

नियम गमतीचा आहे, पण त्यात एक खरी गोष्ट आहे. अशा नटांना प्रसंग वाचवण्यासाठी दिग्दर्शकाची किंवा संवादांची मदत लागत नाही. फालतू चित्रपटातही त्यांची तीन मिनिटं खरी असतात.

‘पॅरिस, टेक्सस’ त्याला कसा मिळाला?

न्यू मेक्सिकोत सँटा फेमधल्या एका बारमध्ये नाटककार सॅम शेपर्डशी गप्पा चालल्या होत्या. स्टँटननं मन मोकळं केलं: आता त्याच त्या भूमिकांचा कंटाळा आलाय, काहीतरी सुंदर, हळवं करायचंय. शेपर्ड तेव्हा जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्ससाठी पटकथा लिहीत होता. वेंडर्सच्या मनात नायक म्हणून खुद्द शेपर्ड होता; शेपर्डनं नकार दिला आणि ट्रॅव्हिसची भूमिका स्टँटनकडे आली. १९८४ च्या कान महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च सन्मान, म्हणजे पाम दॉर मिळाला. यानंतर एकही चित्रपट केला नाही तरी चालेल, अशा अर्थाचं स्टँटन बोलला होता.

आणि त्यात एवढं काय आहे?

वाळवंटातून एक माणूस चालत येतोय. मळका सूट, लाल टोपी, हातात पाण्याचा प्लास्टिकचा कॅन. शेवटचा घोट पितो, कॅन टाकून देतो, चालत राहतो. चार वर्षं बेपत्ता होता. भाऊ (डीन स्टॉकवेल) न्यायला येतो, विनवतो, चिडतो, पण हा बोलत नाही. चित्रपटाचा पहिला बराच मोठा भाग नायक मुका आहे, आणि पहिला शब्द येतो तो ‘पॅरिस’: टेक्सस राज्यातलं त्या नावाचं गाव, जिथं यानं कधीतरी रिकामा प्लॉट घेतलाय. त्या प्लॉटचा फोटो तो खिशात घेऊन फिरतो. गंमत म्हणजे त्या गावात चित्रपट जातच नाही.

मधल्या भागातला एक प्रसंग मला सगळ्यात जास्त आवडतो. ट्रॅव्हिसचा आठेक वर्षांचा मुलगा काका-काकूंकडे वाढलाय आणि या अनोळखी बापाबरोबर शाळेतून घरी यायला लाजतो. तेव्हा ट्रॅव्हिस घरातल्या कामवाल्या बाईला विचारतो की बाप कसा दिसतो? ती त्याला सूट, हॅट चढवते, मान ताठ ठेवून चालायला शिकवते. मग तो शाळेबाहेर उभा राहतो. बाप एका फुटपाथवर, मुलगा समोरच्या, दोघं समांतर चालतायत. मुलगा हळूच बापाच्या चालीची नक्कल करतो. बाप मुद्दाम अडखळतो, उलटा चालतो. एकही संवाद नाही. बाप कसा असतो याची नक्कल करता करता हा माणूस खरंच बाप होतो, हे केवळ चालण्यातून कळतं.

आणि शेवटाकडचा तो प्रसिद्ध प्रसंग. बायको जेन (नास्तासिया किन्स्की) अशा ठिकाणी काम करते जिथं गिऱ्हाईक काचेआड बसून टेलिफोनवर बोलतं. तिला तो दिसत नाही, त्याला ती दिसते. ट्रॅव्हिस पहिल्यांदा जातो आणि मनातलं बोलूच शकत नाही. दुसऱ्यांदा जातो तेव्हा खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करतो आणि एक गोष्ट सांगू लागतो: माझ्या ओळखीची दोन माणसं होती, एकमेकांवर फार प्रेम होतं. गोष्ट त्यांचीच आहे. कसा प्रेमाचा संशय झाला, संशयाचा छळ झाला, आणि शेवटी घराला आग लागली. मिनिटामागून मिनिटं हा आवाज चालतो, चढत नाही, थरथरत नाही. ज्या माणसानं सुरुवातीला इतका वेळ तोंड उघडलं नाही, तो इतकं सलग बोलतोय यानंच आपण हलतो. पुढे एका क्षणी काचेवर त्याच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब बरोबर तिच्या चेहऱ्यावर येऊन बसतं. छायालेखक रॉबी म्युलरची ही करामत.

हे संवाद चित्रीकरण सुरू झालं तेव्हा लिहिलेलेच नव्हते. उत्तरार्ध वाटेत ठरत गेला. शेपर्ड दुसऱ्या चित्रपटात अडकलेला असल्यानं या प्रसंगाचे संवाद त्यानं फोनवरून सांगितले.

मग त्यानंतर तो नायक का झाला नाही?

याचं उत्तर ‘अन्याय झाला’ असं दिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. साठीकडे झुकलेल्या, असा चेहरा असलेल्या माणसासाठी हॉलिवूडमध्ये नायकाच्या भूमिका रांगेत उभ्या नव्हत्या, हे खरं. पण त्याच १९८४ सालातला ‘रेपो मॅन’ बघा. कर्जाचे हप्ते थकले की गाड्या उचलून नेणारा बड, नव्या पोराला धंद्याचे नियम शिकवणारा, चिडका, बडबड्या, स्वतःच्या तत्त्वांवर फिदा. ट्रॅव्हिसचं उलटं टोक. छायालेखक पुन्हा रॉबी म्युलरच. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स कॉक्सशी त्याचे सेटवर खटके उडाले, हे कॉक्सनंच लिहिलंय. बड हे पूर्ण पात्र आहे आणि तो नायक नाही. स्टँटनला त्या दोन्हींत फरक करायची गरज वाटत नसावी.

त्यानंतरही छोटी, तिरपी कामं येत राहिली. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’मध्ये (१९८८) तो पॉल आहे. क्रुसावरून उतरून संसार थाटलेल्या येशूला हा प्रचारक भेटतो आणि तोंडावर सांगतो की तू खरा कसा आहेस याच्याशी लोकांना देणंघेणं नाही, त्यांना माझा पुनरुत्थान पावलेला येशू हवाय. पाच-सात मिनिटांचं काम, पण श्रद्धा आणि विक्रेतेपणा यांतली सीमारेषा त्यानं इतकी पुसट ठेवलीय की त्याचा राग येत नाही. जॉन हस्टनच्या ‘वाइज ब्लड’मधला (१९७९) आंधळेपणाचं सोंग घेतलेला प्रवचनकार बघून मग हा पॉल बघितला तर जास्त मजा येते. टीव्हीवर ‘बिग लव्ह’मध्ये (२००६ पासून) बहुपत्नीक पंथाचा स्वयंघोषित प्रेषित रोमन ग्रँटही त्याच वळणाचा, फक्त जास्त विषारी. धर्माच्या नावानं बोलणारी माणसं त्याला फार छान जमायची.

ऑस्कर?

नाही. नामांकनसुद्धा नाही. ‘पॅरिस, टेक्सस’लाही नाही.

डेव्हिड लिंचच्या इतक्या चित्रपटांत तो कसा?

‘वाइल्ड अ‍ॅट हार्ट’, ‘ट्विन पीक्स: फायर वॉक विथ मी’, ‘द स्ट्रेट स्टोरी’, ‘इनलँड एम्पायर’ आणि २०१७ ची ‘ट्विन पीक्स’ मालिका. दोघांची दोस्ती होती आणि लिंचला त्याचा चेहरा कुठं ठेवायचा हे नेमकं कळायचं.

‘द स्ट्रेट स्टोरी’ खऱ्या घटनेवर आहे. आल्विन स्ट्रेट हा सत्तरी ओलांडलेला माणूस, गाडी चालवायचा परवाना नाही, म्हणून गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवाहून विस्कॉन्सिनला निघतो. आजारी भावाशी दहा वर्षांचा अबोला संपवायला. पावणेदोन तास आपण या भावाचं फक्त नाव ऐकतो. शेवटी तो मोडक्या घरातून बाहेर येतो, चालायच्या वॉकरला धरून, आणि तो स्टँटन असतो. दोघं ओट्यावर बसतात. हा त्या यंत्राकडे बघतो आणि विचारतो, मला भेटायला तू एवढा लांब त्यावर बसून आलास? हो, आलो. मग स्टँटनचे डोळे भरतात. पडद्यावर एक-दोन मिनिटंच आहे तो. पण पावणेदोन तास वाट पाहिलेल्या माणसाला फालतू चेहरा देऊन चाललं नसतं, हे लिंचला ठाऊक होतं. रिचर्ड फार्न्सवर्थला आल्विनसाठी ऑस्कर नामांकन मिळालं, ते योग्यच. तरी तो शेवट दोघांचा आहे.

२०१७ च्या मालिकेत तो ट्रेलर पार्कचा, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीचा मालक कार्ल रॉड. सहाव्या भागात रस्त्यावर एक लहान मुलगा ट्रकखाली येतो. लोक भोवती उभे राहून बघतात. कार्ल एकटाच पुढे होतो, आईपाशी गुडघ्यावर बसतो, तिच्या खांद्यावर हात ठेवतो. तेव्हा स्टँटन नव्वदीचा होता.

तो गायचासुद्धा का?

चांगला गायचा. गिटार, माउथ ऑर्गन, आणि मेक्सिकन गाण्यांचा विशेष नाद. लॉस एंजेलिसच्या क्लबांत स्वतःच्या बँडबरोबर कार्यक्रम करायचा. ‘पॅरिस, टेक्सस’च्या राय कूडरनं केलेल्या ध्वनिमुद्रिकेत ‘कान्सिओन मिक्स्तेका’ हे घराच्या ओढीचं स्पॅनिश गाणं त्याच्याच आवाजात आहे. ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’च्या (१९७३) वेळी मेक्सिकोत बॉब डिलनशी मैत्री झाली. एकदा दोघं पळायला निघाले आणि थेट चालू शॉटमध्ये घुसले. सॅम पेकिनपासारख्या तापट दिग्दर्शकाचा टेक वाया गेला. पुढचा आरडाओरडा कल्पनेवर सोडतो.

लग्न, घरदार, श्रद्धा?

लग्न केलं नाही. मुलहॉलंड ड्राइव्हवरच्या घरात वर्षानुवर्षं राहिला, सिगारेट कधी सोडली नाही. बाप्टिस्ट वातावरणात वाढला, पण मोठेपणी ओढा झेन आणि ताओ विचारांकडे, जे. कृष्णमूर्तींचंही वाचन होतं. ‘पार्टली फिक्शन’ (२०१२) या सोफी ह्यूबरच्या माहितीपटात लिंच त्याला विचारतो की तू स्वतःचं वर्णन कसं करशील? काहीच नाही, स्वत्व असं काही नसतंच, असं तो म्हणतो. लोकांनी तुझी आठवण कशी ठेवावी? त्यानं काही फरक पडत नाही. हे कुणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर आव वाटला असता.

‘लकी’ म्हणजे त्याचं आत्मचरित्रच का?

जवळपास. नायक म्हणून केलेला तो दुसरा चित्रपट (२०१७). लेखकांपैकी लोगन स्पार्क्स हा त्याचा जुना मित्र, त्यामुळे आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी थेट उचलल्या आहेत. वाळवंटातल्या गावात राहणारा नव्वदीचा, देव न मानणारा म्हातारा. सकाळी आतल्या कपड्यांवर योगासारखे व्यायाम, ग्लासभर दूध, शब्दकोडं, बार. एक दिवस कारण नसताना पडतो आणि मरण जवळ आलंय हे कळतं. कथा म्हणून एवढंच. लिंच यात नट म्हणून आहे: पळून गेलेल्या कासवाच्या विरहात बुडालेला माणूस. कासवाचं नाव प्रेसिडेंट रूझवेल्ट.

एका हॉटेलात लकी आणि नौदलातला स्टँटन भेटतात, असंच म्हणायला हवं. ‘एलियन’मधला सहकारी टॉम स्केरिट इथं माजी मरीन सैनिक होऊन येतो. दोन म्हातारे पॅसिफिकमधल्या युद्धाबद्दल बोलतात आणि लकी सांगतो की मी जहाजावर आचारी होतो. स्टँटन खराच होता. शेजारी बसलेल्याला आपली आठवण सांगावी इतक्या साधेपणानं तो हे बोलतो, आणि मुद्दाम गहिवर कुठंच नाही. जॉन कॅरल लिंच (हा वेगळा, डेव्हिडचा कुणी नाही) या दुसऱ्या एका चरित्र अभिनेत्याचं हे पहिलं दिग्दर्शन. चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला तो स्टँटन गेल्यावर दोन आठवड्यांनी.

सगळा चित्रपट सारखाच चांगला आहे असं नाही. बारमधल्या काही चर्चा लेखकांनी जरा जास्तच तत्त्वज्ञानात बुडवल्या आहेत. पण एका मुलाच्या वाढदिवसाला लकी अचानक ‘व्होल्वेर, व्होल्वेर’ म्हणू लागतो, तेव्हा तेवढ्यासाठी बाकीचं माफ.

त्याच्या गावी काही स्मारक वगैरे?

लेक्सिंग्टनमध्ये २०११ पासून त्याच्या नावानं चित्रपट महोत्सव भरत आलाय. पुतळ्यापेक्षा हे बरं.

सुरुवात कुठून करू?

थेट ‘पॅरिस, टेक्सस’नं करू नका, असं माझं मत. आधी ‘एलियन’ पुन्हा बघा, यावेळी नजर फक्त ब्रेटवर ठेवून. मग ‘स्ट्रेट टाइम’. मग ‘रेपो मॅन’, म्हणजे हा माणूस बडबडही करू शकतो हे कळेल. त्यानंतर ‘पॅरिस, टेक्सस’ रात्री, एकाच बैठकीत. तो दोन तासांहून मोठा आहे आणि संथ आहे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. ‘लकी’ सगळ्यात शेवटी.

घरच्यांबरोबर, मुलाबाळांसकट बघता येईल असा एखादा?

‘द स्ट्रेट स्टोरी’. अमेरिकेतही तो सर्व वयांसाठी खुला होता, आणि लिंचचा आहे हे सांगितलं नाही तर कुणाला कळणारही नाही. मुलं पहिल्या अर्ध्या तासात कंटाळतील, यंत्र पहिल्यांदा बंद पडेपर्यंत त्यांना धरून ठेवा. ‘एलियन’ दहावीनंतर.